आंब्याचे पाच वाडगे आणि तापलेली तार

जून 2024 मध्ये सुरू झालेलं काम मे 2025 मध्ये हातावेगळं झालं. लेथवर कातलेले आंब्याच्या लाकडाचे पाच वाडगे आणि शिवणीच्या लाकडाचे झाकणवाले दोन करंडे, एक वाडगा सोडून सगळ्यांवर बाहेरून तापलेल्या निबने काढलेली नक्षी. प्रत्यक्ष डागण्याचे तास मोजले तर जेमतेम साठ भरतील. बाकीचे महिने परवानगी, वाळवण आणि वाट बघणं यांत गेले. पायरोग्राफीबद्दल, म्हणजे लाकूड असं डागून नक्षी काढण्याबद्दल, जे शिकायला मिळतं ते बहुतेक पेन हातात घेतल्यानंतरचं असतं आणि सपाट फळीवरचं असतं. गोल भांड्यावर पहिल्यांदा हात घालणाऱ्याची तारांबळ उडते ती त्याच्या आधीच्या गोष्टींनी. म्हणून तारखांसकट सगळं लिहून ठेवतो आहे.

11 जूनच्या वाऱ्यापावसात कोकणातल्या परड्यातलं आंब्याचं एक जुनं झाड मुळासकट कललं. पडलं नव्हतं, त्यामुळे तोडावं लागणार होतं. आंबा हे महाराष्ट्रात अनुसूचित झाड आहे. 1964 च्या झाडं तोडण्याच्या कायद्याच्या यादीत साग, फणस, चिंच, जांभूळ, ऐन, किंजळ यांच्या सोबत आंबाही येतो. झाड आपल्या जमिनीत असलं तरी परवानगी घ्यावीच लागते. शहरात असाल तर 1975 चा वेगळा कायदा लागू होतो आणि अर्ज महापालिकेच्या किंवा नगरपालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याकडे जातो. मी 14 जूनला अर्ज दिला. सोबत ताजा सातबारा आणि कललेल्या झाडाचे दोन बाजूंनी काढलेले फोटो, सहहिस्सेदारांची संमतीपत्रं मागाहून. खरा वेळ गेला तो या शेवटच्या कागदात. सातबाऱ्यावर सहा नावं, त्यातली दोन मुंबईला. सह्या येईपर्यंत दहा दिवस गेले. 2 जुलैला पंचनामा झाला, 11 जुलैला पत्र हातात आलं, 16 जुलैला झाड उतरवलं. मशीनकरवत आणि दोन माणसांची मजुरी मिळून 1,800 रुपये. कोणी विचारलं तर सांगतो, अर्जाआधी सातबाऱ्यावरची नावं मोजा. बाकी सगळं त्यामानाने सरळ आहे.

इथे पहिली चूक झाली. ओंडके पडवीत रचले आणि लेथवर कातून देणाऱ्या मेस्त्रींना सवड होईपर्यंत, म्हणजे 30 जुलैपर्यंत, तसेच राहू दिले. आंब्याच्या ओल्या लाकडात साखर-पिष्ट भरपूर असतं आणि पावसाळी हवेत त्यावर बुरशी फार लवकर चढते. पंधरा दिवसांत कापलेल्या तोंडांपासून आतवर निळसर-करडे पट्टे गेले होते. वाडगा म्हणून ते कोणाला सुंदरही वाटतील, पण डागकामाला ते घातक. नक्षी फिक्या लाकडावर उठते. करड्या पट्ट्यावर हलकी तपकिरी छटा दिसतच नाही आणि डोळा नक्षी सोडून पट्ट्याकडे जातो. उपाय साधा होता आणि तेव्हा सुचला नाही. ओंडका तोडल्या दिवशीच दोन्ही तोंडांना वितळलेलं मेण किंवा उरलासुरला ऑइलपेंट जाड लावायचा आणि आठवड्याच्या आत ओला असतानाच कच्चा कातून घ्यायचा.

कच्चं कातणं म्हणजे काय, तर भांड्याचा नुसता जाड आकार काढून ठेवणं. ओंडका उभा चिरून दोन अर्ध्या फाका करतात आणि फाकेतून वाडगा निघतो. मधली शीर, जिला गाभ्याचा डोळा म्हणतात, ती वाडग्यात येऊ द्यायची नाही. तिच्या दोन्ही बाजूंचं दीड-दीड सेंटिमीटर लाकूड टाकून द्यायचं, कारण वाळताना तडा तिथूनच सुटतो. भिंतीची जाडी व्यासाच्या दहाव्या हिश्शाइतकी ठेवतात. माझे वाडगे 20 सेंमी व्यासाचे, म्हणून भिंत 2 सेंमी. वाळताना वाडगा अंड्यासारखा लांबट होतो, आडवा जास्त आकसतो, उभा फारसा नाही. भिंत जाड असेल तरच दुसऱ्यांदा कातून त्याला पुन्हा गोल करता येतं. सात वाडगे, प्रत्येकी 150 रुपये.

मग वाळवण. सातही वाडगे त्यांच्याच भुश्शात, कागदी पिशव्यांत घालून घरातल्या आतल्या खोलीत ठेवले आणि दर रविवारी स्वयंपाकाच्या वजनकाट्यावर तोलले. ओलाव्याचं मीटर नसलं तरी चालतं, काटा पुरतो. वजन उतरायचं थांबलं की लाकूड हवेशी जुळलं. एका वाडग्याचे आकडे देतो. 1 ऑगस्टला 742 ग्रॅम, सप्टेंबरअखेर 655, ऑक्टोबरअखेर 561, 15 डिसेंबरला 512, आणि त्यानंतर तीन आठवडे 508 वर स्थिर. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये काटा फार हळू उतरतो, तेव्हा धीर सुटतो. पाऊस गेला की वजन भराभर उतरतं आणि नेमके तडेही तेव्हाच जातात. माझे दोन गेले. एकात गाभ्याची शीर राहून गेली होती. दुसरा मी घाई करून खिडकीत वाऱ्याला ठेवला होता. एका रात्रीत कडेपासून बुडापर्यंत फाटला. ऑक्टोबरच्या उन्हात पिशव्या उघडू नका, एवढंच.

लाकूड नीट वाळलेलं नसेल तर डागताना लगेच कळतं. निब टेकली की चुर्र आवाज येतो, वाफ निघते, निब गार पडते. रेघ फिकी आणि कडा मऊ येतात. मग माणूस उष्णता वाढवतो, आणि वाफ संपल्याक्षणी तीच रेघ करपते. मागून वाडगा वाळून आकसला की वर्तुळाकार पट्टे लांबट होतात ते निराळंच.

वाळवणीच्या महिन्यांत हत्यारं आणली. आधी सोल्डरिंग आयर्नसारखं दिसणारं, पितळी टोकांचं 60 वॅटचं पेन, 750 रुपयांचं. सपाट पाटीवर नाव घालायला ते ठीक आहे. गोल भांड्यावर तीन अडचणी येतात. ते तापायला पाच-सात मिनिटं लागतात आणि गार व्हायला त्याहून जास्त, म्हणजे छटा बदलणं हातात राहत नाही. टोकापासून बोटांचं अंतर बरंच असल्यामुळे हात थरथरतो. आणि पितळी टोक एवढं जाड की वाडग्याच्या बाकावर त्याची एकच कड टेकते. डिसेंबरमध्ये तारेच्या निबचं यंत्र मागवलं, 4,800 रुपये, यायला अकरा दिवस. यात ट्रान्सफॉर्मर असतो. निबला मिळतात दोन-अडीच व्होल्ट, पण प्रवाह मात्र दहा अँपिअरच्या आसपास, म्हणून पेनाची वायर जाड असावी लागते. निब काही सेकंदांत तापते आणि बटण फिरवलं की लगेच उतरते. बोटं टोकापासून तीन-चार सेंटिमीटरवर येतात. दोन्हींतलं एकच घेणं परवडत असेल तर थांबा, पैसे साठवा, पण हेच घ्या.

निबा घरीही होतात. मुंबईच्या लोहार चाळीत हीटरची नायक्रोम तार सुटी मिळते. वीस गेजची, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटरची तार घेतली, 180 रुपयांत पुष्कळ. चार सेंटिमीटरचा तुकडा खिळ्याभोवती वाकवायचा, वाकलेलं टोक लोखंडावर ठेवून हातोडीने चपटं करायचं आणि 400 नंबरच्या पॉलिश पेपरवर तिरकी धार काढायची. ही झाली रेघेची निब. चपटं टोक छर्‍याच्या खड्ड्यात ठोकून किंचित चमच्यासारखं केलं की छटेची निब. तार नुसतीच घट्ट वळवून गोल नाक केलं की ठिपक्यांची. माझ्या सगळ्या कामाला या तीनच लागल्या. यंत्रासोबत आलेल्या बाकीच्या सतरा डबीत पडून आहेत. एक खूणगाठ बांधा. निब तापत नाही अशी तक्रार आली की दहांतल्या नऊ वेळा पेनाचे स्क्रू सैल झालेले असतात. मग निब गार आणि स्क्रूच गरम.

जानेवारी 2025 मध्ये उरलेले पाच वाडगे पुन्हा मेस्त्रींकडे गेले. सावंतवाडीच्या बाजूला कातीव काम म्हणजे लाखेचा रंग आलाच. चरकावर, म्हणजे लेथवर, भांडं फिरत असतानाच लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाने ती वितळते आणि भांड्यावर पसरते. त्यामुळे कोरं भांडं मागितलं की मेस्त्री चक्रावतात. "लाख नको? मगे ह्येका झिलई कशी येतली?" असा प्रश्न आलाच. पण हे स्पष्ट सांगायलाच हवं: लाख नको, मेण नको, पॉलिश नको, तेलाचा हातसुद्धा नको. लाखेवर किंवा व्हार्निशवर गरम निब ठेवली की थर वितळून निबेला चिकटतो, धूर विषारी निघतो आणि खालचं लाकूड डागतच नाही. इतकं सांगूनही हाताच्या सवयीने दोन वाडग्यांना शेवटी मेणाचा तुकडा लागलाच. ते टर्पेंटाइनच्या फडक्याने तीनदा पुसले, दोन दिवस उघडे ठेवले, मग 240 आणि 320 ने पुन्हा घासले. तरी एकात मेण जिरलेलं राहिलं. त्या जागी रेघ तेलकट पसरली. दुसरी कातणी प्रत्येकी 200 रुपये. आता व्यास 18 सेंमी आणि भिंत 7 मिलिमीटर. वाळलेल्या शिवणीचे दोन करंडे त्यांच्याकडूनच घेतले, 450 रुपयांना एक.

लेथवर असतानाच करून घ्यायचं आणखी एक काम म्हणजे कडेच्या काळ्या गोल रेघा. त्यांना पेन नको. करंड्यावर पटाशीच्या टोकाने बारीक खाच पाडायची, भांडं फिरत असताना त्या खाचेत पोलादी तार ताणून धरायची. काही सेकंदांत धूर येतो आणि खाच काळी कुळकुळीत होते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडी मुठी बांधलेल्याच हव्यात. तार बोटाला गुंडाळून हे कधीही करायचं नाही, अडकली तर बोट जाईल. वाडग्याच्या कडेखाली तार नीट बसत नाही, घसरते. तिथे सनमायकाच्या तुकड्याची कड खाचेत दाबून धरली, तेच काम झालं. हाताने काढलेली गोल रेघ कितीही सराव केला तरी इतकी एकसारखी येत नाही.

घासणीत कंजूषी करू नका. 120, 180, 240, 320 असे क्रमाने पेपर, मध्ये एकदा ओलं फडकं फिरवून तंतू उभे राहू द्यायचे आणि ते वाळल्यावर पुन्हा 320. खरखरीत पृष्ठावर निब प्रत्येक ओरखड्यात अडखळते. घासून झालं की भुसा ब्रशने आणि कोरड्या फडक्याने काढायचा. रंध्रांत बसलेला भुसा लाकडाच्या आधी जळतो आणि रेघेच्या कडेला काळे कण सोडतो.

नक्षी आखायला एक अख्खी संध्याकाळ द्या. कागदावरची सरळ पट्टी वाडग्यावर बसत नाही, चुण्या पडतात. माझा पट्टा कडेपासून खाली पाच सेंटिमीटरचा होता. वरचा व्यास 18, म्हणजे घेर साधारण 56.5 सेंमी. पट्ट्याच्या खालच्या टोकाला व्यास 14, घेर 44. कागदाची पट्टी कडेभोवती गुंडाळून जुळेल तिथे कापायची आणि चार वेळा अर्ध्यात दुमडायची, सोळा सारखे भाग मिळतात. वर प्रत्येक भाग साडेतीन सेंटिमीटरचा, खाली पावणेतीनचा. म्हणून वर रुंद आणि खाली निमुळती होणारी आकृती लागते. कोयरी उलटी धरली, शेंडा खाली, की ती या जागेत आपसूक बसते. आंब्याच्या लाकडावर कोयरी, हा योगायोग नंतर लक्षात आला. चौकटी, शंकरपाळी, वारली माणसं असं काही करायचं असेल तर प्रत्येक आकृती खाली आवळत न्यावी लागेल, हे धरून चाला.

छापण्यासाठी निळा कार्बन पेपर नको. त्याचा मेणचट रंग डागल्यावर पसरतो आणि खोडरबराने निघत नाही. कागदाच्या मागे 2 बी पेन्सिल घासून छापा. पेन्सिल हलकी. शिसपेन्सिलीतला ग्रॅफाइट निबच्या उष्णतेला जळत नाही, रेघेशेजारी चंदेरी चमक राहून जाते. जिथे फिकी छटा येणार तिथली पेन्सिल डागण्याआधीच खोडायची.

15 फेब्रुवारीला पहिला वाडगा घेतला. तो मांडीवर धरून करता येईल असं वाटलं होतं, दहा मिनिटांत पाठ आणि मनगट दोन्ही भरून आले. गोल बुडाचं भांडं ठेवायला आपल्याकडे चुंबळ आहेच. जुन्या पंच्याची जाड चुंबळ करून तिच्यावर वाडगा तिरपा ठेवला. हवा तसा फिरतो, लोळत नाही. डाव्या हाताने वाडगा फिरवायचा, उजव्या हाताची करंगळी वाडग्यावर टेकलेली ठेवायची. सपाट फळीवर हात फिरतो. इथे हात जागच्या जागी आणि भांडं फिरतं. हे अंगवळणी पडायला माझा अर्धा वाडगा खर्ची पडला.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त छळलं ती सांगतो. फाकेतून निघालेल्या वाडग्याला तुम्ही कडेने एक फेरी मारली तर लाकूड चार वेळा बदलतं. दोन समोरासमोरच्या बाजूंना तंतू आडवे पसरलेले असतात आणि मधल्या दोन बाजूंना तंतूंची टोकं तुमच्याकडे बघत असतात. निबची उष्णता तीच, हाताचा वेग तोच, आणि तरी रेघ चार ठिकाणी चार तऱ्हांची येते. तंतूंच्या दिशेने जाताना निब एखाद्या चरात घुसल्यासारखी पळते आणि तुमची वळणदार रेघ सरळ करून टाकते. तंतू आडवे कापताना ती मऊ पट्ट्यात बुडते, कठीण पट्ट्यावर उडी मारते, रेघ तुटक ठिपक्यांची होते. टोकांच्या बाजूला रंध्रं उघडी असतात, तिथे रेघेच्या कडा फुटतात आणि छटा एक पायरी गडद येते. पहिल्या वाडग्यावरच्या सोळा कोयऱ्यांकडे आज बघितलं तरी कुठे टोकांची बाजू येते हे चार हातांवरून सांगता येतं.

यावर तोडगा असा. फुटलेल्या दोन वाडग्यांतला एक फेकला नव्हता. त्याच झाडाचा, त्याच आकाराचा, चारही बाजू असलेला. त्याच्यावर चारही ठिकाणी उष्णतेच्या बटणाच्या प्रत्येक आकड्याला एकेक रेघ आणि एकेक सेंटिमीटरचा छटेचा चौकोन काढला, शेजारी पेन्सिलीने आकडा लिहिला. हा झाला नकाशा. मग कळलं की माझ्या यंत्रावर आडव्या तंतूंना साडेचार लागतात तर टोकांना चारच पुरतात. तंतूंच्या दिशेने जाताना बटण कमी न करता निब थोडी आडवी पाडून धारेचा पाठीमागचा भाग टेकवायचा, म्हणजे ती चर धरत नाही. आणि आडवं जाताना एका दमात गडद रेघ ओढायची नाही. फिक्या दोन फेऱ्या मारायच्या, दुसरीत तुटलेले ठिपके जुळतात. फुटलेलं भांडं फेकू नका म्हणतात ते यासाठीच. म्हणत नसतील तर म्हणायला हवं.

शिवणीच्या करंड्यांनी उलट फारच सुख दिलं. शिवण फिकी, हलकी, एकसारख्या पोताची. शिवाय करंडा उभ्या लाकडातून कातलेला, म्हणजे भोवती सगळीकडे तंतू सारखेच. सहा तासांत एक करंडा झाला. वाडग्याला नऊ लागायचे. पहिल्यांदा करणाऱ्याने करंड्यापासूनच सुरुवात करावी, वाडगा नंतर. हेदू मिळाला तर तोही उत्तम, पोत बारीक आणि रंग पिवळसर. साग टाळा. त्यात तेल असतं, रंग आधीच गडद आणि मऊ-कठीण पट्टे ठळक. बाभूळ आणि शिसव कातायला देखणी, डागायला व्यर्थ. आयात मालाच्या खोक्यांचं लाकूड फुकट मिळतं म्हणून घेत असाल तर त्यावरचा शिक्का वाचा. 'एमबी' असेल तर ते मिथाइल ब्रोमाइडच्या धुरीचं लाकूड, हात लावू नका. 'एचटी' म्हणजे नुसतं तापवलेलं. एमडीएफ आणि प्लायवर तर डागायचंच नाही, गोंदातलं फॉर्मल्डिहाइड नाकात जातं.

रेघेच्या सुरुवातीला काळा थेंब पडणं ही सगळ्यांची तक्रार. निब हवेत नुसती थांबली की सर्वांत जास्त तापते, आणि टेकल्याक्षणी ती सगळी उष्णता एका बिंदूत उतरते. दोन उपाय आहेत. टेकवण्याआधी निब शेजारच्या फळकुटावर एकदा ओढून घ्या. आणि हात हवेतच चालता ठेवा, चालत्या हाताने टेकवा, चालत्या हातानेच उचला. रेघेच्या दोन्ही बाजूंना तपकिरी धुकं आलं तर उष्णता जास्त आणि हात मंद. बटण उतरवा, वेग उतरवू नका. रेघ एकाएकी खरबरीत होऊ लागली तर निबला काजळी धरलेली असते. मी स्टीलच्या चहागाळणीच्या जाळीवर गरम निब हलकेच घासत असे. पेपरने घासली तर स्वच्छ होते, पण धार आणि तार दोन्ही झिजतात.

एक कोडं बरेच दिवस सुटलं नाही. सकाळी केलेली कोयरी आणि रात्री केलेली कोयरी यांच्या छटा जुळत नव्हत्या, बटण त्याच आकड्यावर असून. संध्याकाळी सातनंतर गावात व्होल्टेज पडतं, आणि स्वस्त यंत्रात ते सावरण्याची सोय नसते. पंख्याचा वेग बघितला असता तर आधीच कळलं असतं. त्यानंतर काम सकाळीच केलं. वीज गेली की यंत्राचं बटण आधी बंद करा. नाहीतर तुम्ही चहाला उठता, वीज परत येते आणि पेन पंच्यावर पडलेलं असतं.

धुराचं थोडं. खिडकीत बाहेर फेकणारा छोटा पंखा, भांड्यापासून वीतभर अंतरावर. वारा भांड्यावरून तुमच्याकडे नाही, तुमच्याकडून बाहेर. निबवर थेट झोत आला तर ती गार पडते, म्हणून पंखा बाजूला हवा. एन 95 मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही, त्यामुळे खिडकीला पर्याय नाही. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले आहेत. आंब्याच्या चिकाने ज्यांच्या अंगावर फोड येतात त्यांनी आंब्याचा धूर जास्तच जपून घ्यावा, किंवा सरळ शिवण वापरावी. दर पाऊण तासाने उठत गेलो. डोळे चुरचुरले की त्या दिवशीचं काम बंद.

याच सुमारास झाडाच्या मुळ्यांसारख्या फांद्या लाकडात आपोआप जळत जातात ते व्हिडिओ तुम्हीही पाहिले असतील. त्याला फ्रॅक्टल बर्निंग म्हणतात, आणि ते मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेल्या हजारो व्होल्टवर करतात. त्यात माणसं मेली आहेत, अनुभवीसुद्धा. अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्सने आपल्या कार्यक्रमांत त्यावर बंदी घातली आहे. आपली अडीच व्होल्टची निब फार तर बोट भाजेल. त्या वाटेला जाऊ नका.

11 एप्रिलला शेवटचा वाडगा डागून झाला. मग काजळी काढणं. मऊ टूथब्रशने कोरडंच झटकायचं. पॉलिश पेपर फिरवला तर काळ्या रेघेची पूड शेजारच्या फिक्या लाकडात घासली जाते आणि ती परत निघत नाही. एका कोयरीचं मी असं वाटोळं केलं. त्या जागेवर शेवटी ठिपके भरले.

वाडगे सुक्या मेव्यासाठी, फळांसाठी वापरायचे होते, म्हणून औषधाच्या दुकानातलं लिक्विड पॅराफिन आणि मधमाश्यांचं मेण. 200 ग्रॅम तेलात 50 ग्रॅम मेण, गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवलं. थेट गॅसवर नाही. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल लावू नका, ते वाळत नाही आणि काही महिन्यांत खवट वास धरतं. जवसाचं तेल लाकडात वाळून घट्ट होतं, पण आठवडे घेतं. त्याची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर आपोआप पेट घेऊ शकतात. ती बाहेर पसरून वाळवायची. करंड्यांना चपडी लाख स्पिरिटमध्ये पातळ करून लावली. पहिला हात ब्रशने ओढला की काजळी वाहते, म्हणून कापसाच्या बोळ्याने टिपत टिपत लावायचा, दुसऱ्या हातापासून ब्रश चालतो.

तेल लागल्यावर एक धक्का बसतो, त्याची तयारी ठेवा. लाकूड दोन छटा गडद होतं आणि तुम्ही जिवाचा आटापिटा करून काढलेली सगळ्यात फिकी छटा त्यात बुडून जाते. काळ्या रेघा मात्र खुलतात. चाचणीच्या फुटक्या वाडग्यावर अर्ध्या भागाला तेल आधी लावून बघितलं असतं तर हे फेब्रुवारीतच कळलं असतं. पुढचे वाडगे मी फिकी छटा सोडूनच केले असते. आतल्या बाजूला मुळात काही डागलं नव्हतं. निबच्या चरांत पदार्थ अडकतो, आणि हळदीचा डाग तिथे बसला की बसला. वापरल्यावर ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरडं करायचं, पाण्यात भिजत टाकायचं नाही.

हिशेब असा: झाड उतरवणं 1,800, कच्ची कातणी 1,050, पक्की कातणी 1,000, करंडे 900, पितळी पेन 750, तारेचं यंत्र 4,800, नायक्रोम 180, पॉलिश पेपर आणि किरकोळ 320, तेल-मेण-लाख 410. एकूण 11,210 रुपये, एसटीचं भाडं धरलेलं नाही. पितळी पेन आज नव्याने घेतलं नसतं.

तेलाचे तीन हात, प्रत्येक हातामध्ये दोन दिवस, मग आठ दिवस सावलीत. 4 मेला वाडगे वापरायला काढले. त्यातला एक तीन आठवडे पूर्वेच्या खिडकीत राहिला. उन्हाकडच्या पाच कोयऱ्यांची तपकिरी छटा आत्ताच फिकी पडली आहे, काळ्या रेघा जशाच्या तशा. तो आता फडताळात आहे. निळ्या-करड्या पट्ट्याचा वाडगा मात्र खिडकीत ठेवला आहे. त्याच्यावर मी फक्त कडेखाली दोन काळ्या रेघा सोडल्या होत्या, आणि घरी येणारे आधी तोच उचलून बघतात.